हातचे सोडून पळत्याच्या पाठी गेलेला राजा

गावात असा एखादा कर्ता माणूस आपण सर्वांनी पाहिलेला असतो. अंगात बळ, कामाला वाघ, बोलणे गोड. बांधावर उभा राहिला तर ओसाड रान हिरवे करील. पण त्याला एक खोड असते. एका विहिरीला पाणी लागते न लागते तोच तो दुसरीचा नारळ फोडतो. घरचे शेत नांगरायचे राहते आणि हा दुसऱ्याचे खंडाने घ्यायला धावतो. उतारवयात हिशेब मांडला तर कष्ट डोंगराएवढे आणि पदरात चिमूटभर. त्याच्या धावपळीत घरची माणसे फरफटतात ती निराळीच.

सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीकांच्या मुलखात असा एक राजा होऊन गेला. त्याचे नाव पिऱ्हस. त्याच्या शौर्याला तोड नव्हती. जग जिंकणाऱ्या सिकंदरानंतर तसा वीर झाला नाही, असे त्याच्या काळचे लोक म्हणत. तरीही आज त्याचे नाव उरले आहे ते एका वाक्प्रचारात. जिंकूनही माणूस बुडतो, अशा विजयाला युरोपच्या भाषांत 'पिऱ्हसचा विजय' म्हणतात. त्याची हकिकत प्लुटार्क नावाच्या ग्रीक चरित्रकाराने सुमारे चारशे वर्षांनी लिहून ठेवली. रणांगणाच्या गोष्टी तिच्यात पुष्कळ आहेत, पण आपण आज तिच्याकडे एका घराची कहाणी म्हणून पाहू.

पुराच्या काठी तान्हे मूल

ग्रीसच्या वायव्येला, समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये एपायरस नावाचा प्रदेश आहे. आज त्याचा काही भाग ग्रीसमध्ये तर काही अल्बेनियात येतो. मुलूख डोंगराळ, कुरणांचा आणि गुराढोरांचा. तेथील मोलोसी लोकांचा राजा एआकिडीस हा पिऱ्हसचा बाप. आईचे नाव फ्थिया. सिकंदराची आई ऑलिंपियास याच घराण्यातली, एआकिडीसची चुलत बहीण. पुराणकथेतला महावीर अकिलीस आपला मूळपुरुष, असे हे घराणे सांगे.

पिऱ्हसचा जन्म इ.स.पूर्व ३१९ च्या सुमाराचा. तो जेमतेम दोन वर्षांचा असेल नसेल, तोच राज्यात बंड झाले. बाप गादीवरून गेला. राजाच्या माणसांची कत्तल सुरू झाली आणि शत्रू या तान्ह्या पोराला शोधू लागले. काही इमानी सेवक आणि मुलाला पाजणाऱ्या दाया त्याला घेऊन रातोरात पळाल्या.

दिवस मावळताना ते एका नदीशी आले. पाऊस झालेला, नदीला पूर. पलीकडच्या काठावर माणसे दिसत होती. पण पाण्याच्या गर्जनेत हाक पोचेना. तेव्हा एकाने ओकाच्या झाडाची साल काढली, कपड्याच्या आकड्याच्या टोकाने तिच्यावर मुलाची हकिकत कोरली आणि ती दगडाला गुंडाळून पलीकडे भिरकावली. त्या लोकांनी ती वाचली, झाडे तोडून एकत्र बांधली आणि त्या तराफ्यावरून ते अलीकडे आले. मुलाला पहिल्याने हातात घेणाऱ्या माणसाचे नाव योगायोगाने अकिलीसच होते, असे प्लुटार्क सांगतो.

तेथून ते इलिरियाचा राजा ग्लाउकियस याच्या घरी गेले. राजा-राणी बसली होती. सेवकांनी मुलाला जमिनीवर ठेवले. ग्लाउकियस विचारात पडला, कारण मॅसिडोनियाचा बलाढ्य कॅसँडर या मुलाच्या घराण्याचा वैरी. मूल ठेवून घेतले तर त्याचे वैर ओढवणार. एवढ्यात मूल रांगत पुढे गेले, राजाचा झगा मुठीत धरून त्याच्या गुडघ्याला टेकून उभे राहिले आणि रडू लागले. राजाला आधी हसू आले, मग त्याचे काळीज हलले. त्याने मूल उचलून राणीच्या ओटीत दिले आणि आपल्या मुलांबरोबर वाढवायला सांगितले. पुढे कॅसँडरने त्या पोराच्या बदल्यात दोनशे टॅलेंट, म्हणजे हजारो शेर चांदी देऊ केली. तरी ग्लाउकियसने त्याला दिले नाही. उलट मुलगा बारा वर्षांचा झाल्यावर स्वतः फौज घेऊन गेला आणि त्याला बापाच्या गादीवर बसवून आला.

परक्याच्या घरी, परक्याच्या मायेवर वाढलेला हा पोर. घर म्हणजे काय, हे त्याच्याइतके कोणाला कळायला हवे होते?

दोन बैलजोड्यांवरून

सतरा वर्षांचा असताना पिऱ्हस ग्लाउकियसच्या एका मुलाच्या लग्नाला गेला. घरचे कार्य, जाणे भागच होते. पण पाठ वळताच राज्यात पुन्हा बंड झाले आणि नात्यातलाच निओप्टोलेमस गादीवर बसला. पिऱ्हस उघड्यावर पडला. त्याची बहीण डेइडामिया ही डेमेट्रियस नावाच्या सरदाराला दिलेली होती. पिऱ्हस त्या मेहुण्याच्या आश्रयाला गेला. इ.स.पूर्व ३०१ मध्ये इप्ससच्या मोठ्या लढाईत तो मेहुण्याच्या बाजूने लढला. त्या लढाईत डेमेट्रियसचा बाप मारला गेला. शत्रूपक्षाचा सेल्युकस याच्यापाशी हत्तींचे मोठे दळ होते. चंद्रगुप्त मौर्याने तहात त्याला पाचशे हत्ती दिले होते. त्या हत्तींनी डेमेट्रियसच्या घोडदळाची वाट अडवली. कोवळ्या पिऱ्हसने हत्तीचे बळ येथे डोळ्यांनी पाहिले.

पुढे तहाचा ओलीस म्हणून तो इजिप्तचा राजा टॉलेमी याच्याकडे गेला. तेथे त्याच्या वागण्याने राणी बेरेनिकी प्रसन्न झाली. पहिल्या नवऱ्यापासून झालेली आपली मुलगी अँटिगोनी तिने पिऱ्हसला दिली. सासरकडून पैसा आणि फौज मिळाली आणि इ.स.पूर्व २९७ मध्ये तो घरी परतला. नव्याने रक्तपात नको म्हणून त्याने निओप्टोलेमसशी समेट केला. दोघांनी मिळून राज्य करायचे ठरले.

त्या मुलखात एक चांगली रीत होती. राजा आणि प्रजा पासारॉन नावाच्या ठिकाणी जमत, देवाला बळी देत आणि एकमेकांना शपथ घालत. राजाने कायद्याप्रमाणे राज्य करायचे, प्रजेने कायद्याप्रमाणे राज्य राखायचे. अशाच एका मेळाव्यात गेलॉन नावाच्या, निओप्टोलेमसच्या विश्वासातल्या माणसाने पिऱ्हसला नांगराच्या दोन बैलजोड्या भेट दिल्या. पिऱ्हसचा सेवक मिर्टिलस याने त्या मागितल्या. पिऱ्हसने त्याला दिल्या नाहीत, दुसऱ्याला दिल्या. मिर्टिलसला ते लागले. गेलॉनने ते हेरले, त्याला जेवायला बोलावले आणि राजाला विष घालायला फितवू लागला. मिर्टिलसने हो म्हटले आणि येऊन पिऱ्हसला सारे सांगितले.

साक्षीपुरावा मिळाला तो एका गुराख्याच्या बायकोकडून. निओप्टोलेमस एके रात्री बहिणीच्या घरी या कटाच्या गोष्टी बोलत बसला होता. त्याच्या गुरामेंढरांचा कारभार पाहणाऱ्या सॅमॉनची बायको फेनारेटी तेथेच भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती झोपली असे सर्वांना वाटले. तिने सगळे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी अँटिगोनीच्या कानावर घातले. मग पिऱ्हसने निओप्टोलेमसला सणाच्या जेवणाला बोलावून ठार केले. त्याचे राज्य निष्कंटक झाले. पण ते जेवणाच्या पंगतीत सांडलेल्या रक्तावर उभे होते, हेही विसरता येत नाही.

घरातला पिऱ्हस

अँटिगोनीला दोन मुले झाली, मुलगी ऑलिंपियास आणि मुलगा टॉलेमी. सासऱ्याच्या उपकाराची आठवण म्हणून मुलाला त्याचे नाव ठेवले. पण अँटिगोनी लवकर वारली. पिऱ्हसने तिच्या नावाने एक शहर वसवले. अँटिगोनियाचे ते अवशेष आज दक्षिण अल्बेनियात पाहायला मिळतात.

पुढे त्याने आणखी लग्ने केली, ती बहुतेक राजकारणासाठी. सिसिलीतल्या सिराक्यूजचा राजा अगाथोक्लीस याची मुलगी लानासा आली, ती कॉर्फू हे आख्खे बेट आंदण घेऊन. तिचा मुलगा अलेक्झांडर. इलिरियाच्या बार्डिलिसची मुलगी बिर्केना, तिचा मुलगा हेलेनस, हा सर्वांत धाकटा. पिओनियाच्या राजाचीही एक मुलगी त्याने केली होती. आपल्यापेक्षा सवतींचा मान जास्त, हे लानासाला खपेना. ती रागावून कॉर्फूला निघून गेली आणि तिने तेथे दुसऱ्याला बोलावून घेतले. तो कोण? तोच डेमेट्रियस, एके काळचा मेहुणा. डेइडामिया तोवर वारली होती, आणि मेहुणे आता वैरी झाले होते. बायकोही गेली आणि आंदणही गेले.

माणूस म्हणून पिऱ्हस वाईट नव्हता. एकदा काही तरुणांनी दारूच्या नशेत त्याची नालस्ती केली. त्यांना पकडून आणले. हे खरे का, असे विचारल्यावर त्यांतला एक म्हणाला की खरे आहे, आणि दारू संपली नसती तर आम्ही आणखीही बोललो असतो. पिऱ्हस हसला आणि त्याने सर्वांना सोडून दिले. लढाई जिंकून आल्यावर सैनिक त्याला गरुड म्हणू लागले, तेव्हा तुमची शस्त्रे हेच माझे पंख, असे त्याने त्यांना सांगितले.

पण मुलांना त्याने काय शिकवले? एकदा लहान मुलाने विचारले, बाबा, राज्य कोणाला देणार? त्यावर बापाने उत्तर दिले की ज्याची तलवार सर्वांत धारदार असेल त्याला. ऐकायला हे मर्दानी वाटते. पण भावाभावांत वाटणी तलवारीने करायची, याचा अर्थ घरातच दावा पेरायचा. प्लुटार्कलाही ते बोलणे शापासारखे वाटले.

सिनियासचा प्रश्न

पिऱ्हसच्या पदरी सिनियास नावाचा एक शहाणा माणूस होता. थेस्सलीचा राहणारा, बोलण्यात पटाईत. आपण तलवारीने घेतली त्यापेक्षा जास्त शहरे सिनियासने जिभेने घेतली, असे पिऱ्हस स्वतः म्हणे.

इ.स.पूर्व २८१ च्या सुमारास इटलीतल्या टॅरेंटम या ग्रीक शहराने रोमविरुद्ध पिऱ्हसला मदतीला बोलावले. त्याच्या डोळ्यांपुढे नवा मुलूख नाचू लागला. तेव्हा सिनियासने त्याला शांतपणे विचारले, रोमला हरवल्यावर पुढे काय? पिऱ्हस म्हणाला, मग सारी इटली आपली. त्यानंतर? शेजारचे सुपीक सिसिली बेट. त्यानंतर? आफ्रिका आणि कार्थेज. आणि मग? मॅसिडोनिया आणि सारा ग्रीस. हे सगळे झाल्यावर काय करायचे? पिऱ्हस हसून म्हणाला, मग स्वस्थ बसू, रोज खाऊपिऊ आणि आनंदात गप्पा मारू. त्यावर सिनियास म्हणाला की राजा, ते सुख तर आत्ताच आपल्या हाताशी आहे. त्यासाठी एवढे रक्त सांडायचे, दुसऱ्यांना दुःख द्यायचे आणि स्वतः सोसायचे कारण काय?

पिऱ्हसला उत्तर सुचले नाही. तो अस्वस्थ झाला, पण थांबला नाही. पंधरा वर्षांच्या टॉलेमीवर राज्य सोपवून, अलेक्झांडर आणि हेलेनस या दोन लहानग्यांना सोबतीला घेऊन तो समुद्रावर निघाला.

जिंकून बुडालेला

इ.स.पूर्व २८० मध्ये तो इटलीला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर वीस हजार पायदळ, तीन हजार घोडेस्वार, दोन हजार तिरंदाज, पाचशे गोफणदार आणि वीस हत्ती होते. वादळाने गलबते उधळली, तरी तो पोचला. हेराक्लिया येथे रोमनांशी गाठ पडली. रोमनांनी हत्ती कधी पाहिलेला नव्हता. त्यांचे घोडे बिथरून मागे फिरले. लढाई झाली तो लुकानियाचा मुलूख, म्हणून रोमन लोक हत्तीला 'लुकानियाचा बैल' म्हणू लागले. नवे जनावर पाहिले की माणूस त्याला आपल्या गोठ्यातलेच नाव देतो.

लढाई पिऱ्हसने जिंकली, पण त्याचे निवडक लोक पडले. त्याने सिनियासला तहासाठी रोमला पाठवले. घरोघरच्या बायकामुलांसाठी भारी भेटी दिल्या. एकाही घराने त्या घेतल्या नाहीत. तरी सभेचे मन तहाकडे झुकत होते. तेव्हा अप्पियस क्लॉडियस नावाचा म्हातारा, डोळ्यांनी अंध, पालखीतून आला. मुले आणि जावई यांनी त्याला हाताला धरून सभेत नेले. इटलीत पिऱ्हस आहे तोवर तहाचे नाव काढू नका, असे त्याने बजावले आणि तह मोडला.

रोमनांचा फॅब्रिशियस नावाचा एक गरीब पण सचोटीचा पुढारी होता. पिऱ्हसने त्याला सोने देऊ केले. त्याने घेतले नाही. पुढे पिऱ्हसच्याच वैद्याने फॅब्रिशियसला पत्र लिहिले की बक्षीस द्याल तर राजाला विष घालतो. फॅब्रिशियसने ते पत्र सरळ पिऱ्हसकडे धाडले. पिऱ्हसने वैद्याला शिक्षा केली आणि उपकाराची फेड म्हणून रोमन कैदी फुकट सोडले. रोमनांनी फुकटचे घेतले नाही, तेवढेच कैदी परत दिले.

इ.स.पूर्व २७९ मध्ये आस्क्युलमची लढाई झाली. रोमनांचे सहा हजार पडले, पिऱ्हसचे साडेतीन हजारांवर. जिंकला पिऱ्हसच. लोक अभिनंदन करू लागले, तेव्हा रोमनांवर असा आणखी एक विजय मिळाला तर आपण साफ बुडालो, असे तो म्हणाला. त्याचे जुने सरदार, जिवाचे मित्र संपले होते आणि परमुलखात नवे कोठून आणणार? रोमनांचे तसे नव्हते. घरच्या विहिरीला झरा असावा तशी त्यांच्या शेतकरी कुटुंबांतून पुन्हा पुन्हा नवी फौज उभी राहत होती. पिऱ्हसचे पाणी मात्र टाक्यातले होते, काढावे तेवढे कमी होणारे.

येथे तरी थांबावे! पण सिसिलीतून बोलावणे आले आणि इटलीचे काम अर्धे टाकून तो तिकडे गेला. तेथे आधी जिंकला, मग लोकांवर जुलूम करू लागला, मग नकोसा झाला. इ.स.पूर्व २७६ मध्ये इटलीत परतला. दुसऱ्या वर्षी बेनेव्हेंटमला रोमनांनी त्याला मागे रेटले. त्या लढाईत एका हत्तीच्या पिलाच्या डोक्याला घाव बसला. ते ओरडत सुटले आणि त्याची आई रांग मोडून त्याच्याकडे धावली. तिच्या धावण्याने पिऱ्हसच्याच फौजेत गोंधळ माजला. आईपुढे शिस्त चालत नाही, ती हत्तीण असली तरी.

सहा वर्षांनी तो घरी आला, तेव्हा बरोबर आठ हजार पायदळ आणि पाचशे घोडेस्वार उरले होते. त्यांना पगार द्यायला खजिन्यात पैसा नव्हता. म्हणून पुन्हा लढाई! कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढणाऱ्याची जी गत, तीच याची. इ.स.पूर्व २७४ मध्ये त्याने मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस याला हरवून बराच मुलूख घेतला. हा अँटिगोनस म्हणजे डेमेट्रियसचा मुलगा, डेइडामियाचा सावत्र मुलगा. म्हणजे नात्याने पिऱ्हस त्याचा सावत्र मामा. पण मिळालेला मुलूख नीट बसवण्याआधीच पिऱ्हसला तिसरीकडचे बोलावणे आले.

स्पार्टाच्या बायका

स्पार्टाच्या गादीवर हक्क सांगणारा क्लिओनिमस त्याला घेऊन गेला. इ.स.पूर्व २७२ मध्ये पिऱ्हस पंचवीस हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि चोवीस हत्ती घेऊन स्पार्टापुढे उभा राहिला. राजा फौजेसह परदेशी गेलेला, शहर जवळजवळ मोकळे. वडीलधाऱ्यांनी ठरवले की बायकांना रातोरात क्रीट बेटावर पाठवावे. तेव्हा आर्किडामिया नावाची बाई तलवार घेऊन सभेत आली आणि तिने पुरुषांनाच खडसावले की स्पार्टा गेल्यावर आम्ही जगावे असे तुम्हाला वाटतेच कसे?

त्या रात्री हत्ती अडवण्यासाठी खंदक खणायचे ठरले. रुंदी सुमारे नऊ फूट, खोली सहा फूट, लांबी आठशे फूट. ज्यांना उद्या लढायचे त्या तरुणांना बायकांनी झोपायला लावले आणि पदर खोचून कामाला लागल्या. तिसरा हिस्सा खंदक एकट्या बायकांनी खणला. उजाडल्यावर त्यांनी तरुणांच्या हाती शस्त्रे दिली आणि खंदक त्यांच्या हवाली केला. पिऱ्हसने दोन दिवस धडका मारल्या. शहर पडले नाही. एवढ्यात स्पार्टाचा राजा परत आला.

मग आर्गोस शहरातल्या एका गटाने पिऱ्हसला बोलावले, तेव्हा तो तिकडे वळला. वाटेत स्पार्टाच्या लोकांनी मागच्या फौजेवर छापा घातला. मदतीला गेलेला थोरला मुलगा टॉलेमी, अँटिगोनीचा मुलगा, तेथे मारला गेला. वय तेवीसच्या आसपास. पिऱ्हस पिसाळल्यासारखा शत्रूवर तुटून पडला, सूड घेतला, थाटाने मुलाचे उत्तरकार्य केले आणि पुढे निघाला. मुलगा गेल्यावरही तो मागे फिरला नाही.

कौलावरची म्हातारी

आर्गोसचा दरवाजा फितुरांनी रात्री उघडून दिला. पण वेस ठेंगणी, हत्तींच्या पाठीवरचे मनोरे आत जाईनात. ते उतरवून पुन्हा चढवण्यात वेळ गेला आणि शहर जागे झाले. अरुंद गल्ल्या, अंधार, कोण आपला कोण परका कळेना. उजाडल्यावर पिऱ्हसने माघार घ्यायचे ठरवले. बाहेर असलेल्या हेलेनसला त्याने निरोप धाडला की भिंत पाडून वाट कर. गोंधळात निरोप उलटा पोचला आणि हेलेनस उरलेली फौज आणि हत्ती घेऊन आतच शिरला. आत येणारे आणि बाहेर जाणारे वेशीत अडकले. एक हत्ती वेशीत आडवा पडला. निकॉन नावाचा दुसरा हत्ती जखमी होऊन पडलेल्या आपल्या माहुताला शोधत गर्दी तुडवत फिरला, त्याला सोंडेने उचलून सुळ्यांवर घेतले आणि वाटेत येईल त्याला चिरडत निघाला.

त्या गर्दीत आर्गोसच्या एका तरुणाने पिऱ्हसला भाल्याने किरकोळ जखम केली. तो कोणी सरदार नव्हता. एका गरीब म्हातारीचा मुलगा. पिऱ्हस त्याच्यावर उलटला. इतर बायकांबरोबर म्हातारी घराच्या छपरावरून पाहत होती. आपल्या मुलावर कोण चालून आला आहे हे तिने पाहिले आणि दोन्ही हातांनी एक कौल उपसून खाली टाकले. ते पिऱ्हसच्या शिरस्त्राणाखाली मानेवर बसले. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, हातातला लगाम सुटला आणि तो घोड्यावरून पडला. शत्रूच्या माणसांनी त्याला ओळखले आणि त्याचे डोके कापले.

रोमच्या पलटणींना जो आटोपला नाही, तो एका आईच्या हातच्या कौलाने गेला. तिचे नावसुद्धा प्लुटार्कने दिलेले नाही. तिला राज्य नको होते की कीर्ती. तिला आपला मुलगा हवा होता.

पिऱ्हसचे डोके अँटिगोनसच्या मुलाने नेऊन बापापुढे टाकले. शाबासकी मिळेल अशी त्याची समजूत. पण अँटिगोनसने काठीने मारून मुलाला हाकलले, तोंडावर पदर घेतला आणि तो रडला. लढाईत पडलेला आपला आजा आणि कैदेत मेलेला बाप त्याला आठवला. राजांचे दिवस कसे फिरतात हे त्या घराने सोसलेले होते. मग त्याने पिऱ्हसचे मानाने दहन केले. पुढे त्याच मुलाला हेलेनस जीर्ण कपड्यांत सापडला. त्याने त्याला गोड शब्दांत धीर देऊन बापाकडे आणले. अँटिगोनस म्हणाला की हे मागच्यापेक्षा बरे केलेस, पण त्याचे फाटके कपडे बदलले नाहीस एवढे चुकलास. हेलेनसला त्याने सन्मानाने घरी पाठवले. धारदार तलवारीचा धडा मिळालेल्या धाकट्याला शेवटी घर दाखवले ते शत्रूच्या दयेने.

मागे काय उरले

पिऱ्हस मेला तेव्हा सत्तेचाळीसच्या आसपास होता. त्याच्यानंतर अलेक्झांडर गादीवर आला. पण सुमारे चाळीस वर्षांत राजवंश संपला. त्या वंशातली शेवटची स्त्री, पिऱ्हसच्या बहिणीचेच डेइडामिया नाव लावणारी, जमावाच्या हातून देवळात मारली गेली. पुढे इ.स.पूर्व १६७ मध्ये रोमनांनी एपायरसची सत्तर गावे लुटली आणि दीड लाख माणसे गुलाम करून नेली. ज्या रोमला पिऱ्हसने डिवचले, त्याच रोमने त्याच्या घरच्या शिवाराची ही दशा केली.

मग काहीच उरले नाही का? एक गोष्ट उरली, आणि ती आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. पिऱ्हसनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी प्लिनी नावाच्या रोमन पंडिताने जनावरांविषयी लिहिले. गुरांत सर्वांत नावाजलेली ती एपायरसची, असे त्याने नोंदवले आहे. त्याचे श्रेय लोक पिऱ्हस राजाला देत. गाय चार वर्षांची झाल्याखेरीज तिला वळू दाखवायचा नाही, असा त्याचा नेम होता म्हणे. त्यामुळे तेथील गुरे थोराड होत आणि त्या वाणाची जनावरे प्लिनीच्या काळातही टिकून होती. आजच्या जातींना हाच नेम लावा असे येथे सांगायचे नाही. त्या निराळ्या, त्यांची निगाही निराळी.

सांगायचे ते एवढेच. गोठ्यात या राजाने धीर धरला आणि तेथे जे मिळाले ते शतके टिकले. रणांगणात त्याला धीर निघाला नाही आणि तेथे मिळालेले टिकले नाही. त्याने हाती आलेले नीट बसवले असते, तर घरही राहिले असते आणि मुलेही.

सिनियासचा प्रश्न राजालाच होता असे नाही. नवे काही अंगावर घेताना घरातल्या कोणी तो आपल्यालाही विचारला, मग ती बायको असो, म्हातारी आई असो की शाळेत जाणारे पोर, तर रागावू नये. हातातले काम बाजूला ठेवून घटकाभर त्याचे उत्तर शोधावे. पिऱ्हसला ते सुचले नाही, म्हणून तर ही एवढी कहाणी झाली.